मैलाला सातशे तेहतीस

सायकलवरून नाल्यात पडलेला माणूस 'आई गं' म्हणतो, 'मेलो' म्हणतो, निदान एखादी शिवी तरी देतो. आमचे ओव्हरसियर 'एकसष्ट' म्हणाले. मी मागून भाड्याच्या सायकलीवरून येत होतो. सायकल टाकून चिखलात उतरलो आणि त्यांना बखोटीला धरून उठवायला लागलो, तर माझा हात झटकून म्हणाले, "आधी लिहून घे. एकसष्ट. मग मला उचल." त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून वहीत ६१ लिहीत होतो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, नोकरीला तीन आठवडे झाले होते. हा माणूस ठार वेडा आहे असं माझं त्या दिवशी पक्कं मत झालं. पुढे ते मी बदललं, पण सगळंच्या सगळं नाही.

आमचं खातं रस्त्यांचं. हैदराबादेतले जुने लोक त्याला अजून तामीरातच म्हणत. ओव्हरसियरांकडे एकच रस्ता होता, आणि तो दुसऱ्या कुणालाही नको होता. शहर तेव्हा दिलसुखनगरच्या आसपास संपायचं. तिथून पुढे मुशी नदीच्या काठाकाठानं, सखल भातखाचरांतून आणि म्हशींच्या कुरणांतून आठ मैल, मग नदी सोडून मोठमोठ्या धोंड्यांच्या टेकड्यांत चढत आणखी तीन मैल. सगळा मुरमाचा. साहेब लोकांना असल्या रस्त्यानं पाठ धरते म्हणून ते कधी फिरकत नसत, आणि ओव्हरसियरांना तेच हवं असे. "डांबर म्हणजे नुसती पावडर-लाली," ते म्हणत. "खालचा चेहरा कसा हाय ते कळतच नाही." रस्ता कसा पाहावा याबद्दल त्यांनी मला दिलेलं शिक्षणही एका वाक्याचं होतं: "डोळ्यांनी बघू नको, बुडानं बघ."

त्यांच्या सायकलच्या पुढच्या चाकात, एका तारेला, चामड्याची बोटभर पट्टी बांधलेली होती. चाकाचा एक फेरा झाला की पट्टी दांडीला लागून 'टक्' वाजे. शंभर टक् झाले की पँटच्या उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जाई. सात चिंचोके आणि वर तेहतीस टक् म्हणजे एक मैल. रस्त्यावरची प्रत्येक मोरी, प्रत्येक खड्डा, मुरमाचा प्रत्येक ढीग त्यांनी या पद्धतीनं दफ्तरात चढवून ठेवला होता. 'तिसरा मैल, चारशे दहा, डाव्या अंगाला खचलं आहे.' मुकादमाला हे वाचून दाखवलं की तो गँग घेऊन जायचा, आणि खड्डा नेमका तिथंच बसलेला असायचा.

अडचण एवढीच की मोजणी चालू असताना हा माणूस या जगात नसे. एकदा खात्याच्या मोठ्या साहेबांची जीप समोरून आली. साहेबांनी जीप थांबवून, डोकं बाहेर काढून, "कैसे हैं आप?" असं विचारलं. यांनी एक बोट वर केलं आणि तसेच पुढे निघून गेले. मी मागे, साहेब जीपमध्ये, दोघंही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पुढे शंभर भरले, चिंचोका बदलला, सायकल तिथंच झाडाला टेकली आणि ओव्हरसियर भर उन्हात पायी चालत मागे आले. "मेहरबानी है साब, अच्छा हूँ," असं म्हणून सलाम केला आणि पुन्हा पायी सायकलीकडे गेले. साहेबांनी ड्रायव्हरला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर त्यांनी या रस्त्यावर पुन्हा कधी जीप घातली नाही.

डोक्यावर रुमाल, रुमालावर सोला हॅट, पँटच्या पायाला सायकलच्या फाटक्या ट्यूबचे पट्टे. उजवी मांडी कायम तांबडी असे. त्याचं कारण असं की जागोजागी उतरून ते चिमूटभर मुरूम तळहातावर घेत, थुंकी लावून चोळत, 'हा धरणारा' किंवा 'हा पळपुटा' असा निकाल देत आणि हात मांडीला पुसत. जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा रिकामा आणायचे आणि मुरमाचे खडे भरून न्यायचे. भाकरीला कधीकधी त्याची किरकिर यायची. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "खा गुमान. सहाव्या मैलाचा हाय, चांगला हाय."

माझा एक नातू सध्या हैदराबादेत नोकरीला आहे. रविवारी जाड टायरची सायकल घेऊन, मुद्दाम डांबर टाळत, नदीकाठच्या कच्च्या वाटांनी टेकड्यांकडे जातो आणि हेल्मेटसकट फोटो पाठवतो. याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात म्हणे. किती अंतर झालं ते मनगटावरचं घड्याळ सांगतं. मी त्याला म्हटलं, "बाबा, आमच्या ओव्हरसियरांना याचा पगार मिळायचा." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पोरगं इंग्रजी शाळेतलं, हे लिहिलेलंही मलाच त्याला वाचून दाखवावं लागणार आहे.

जाड टायरचा विषय निघाला की मला अजून कानकोंडं होतं, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती मी स्वतःच्या हातानं एका जाड टायरमधून ओढवून घेतली.

झालं असं, की ओव्हरसियर ताप येऊन दोन दिवस घरी होते आणि त्यांची सायकल ऑफिसच्या व्हरांड्यात होती. चौथ्या मैलावरच्या मुकादमाला तातडीचं पत्र द्यायचं होतं आणि माझ्या भाड्याच्या सायकलची चेन तुटली होती. त्यांच्या सायकलीला कुणी हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तरी मी ती घेतली. येताना कुणीतरी कुंपणाची बाभळीची फांदी रस्त्यावर ओढून टाकलेली होती, तिच्यावरून गेलो आणि पुढचं टायर बाजूनं उभं फाटलं. काचिगुड्यातल्या सायकलच्या दुकानापर्यंत हातात धरून आणली. दुकानदार टायर बघून म्हणाला, "इत्ता पतला टायर अब नै आता मियाँ. ये लेव, मोटा है, मज़बूत है. तुम्हारे साब दुआ देंगे." मला ते पटलं. जुन्याच्या जागी नवं देतोय, यात वाईट काय? फक्त नवं दिसू नये म्हणून त्याला चिखल फासला, चामड्याची पट्टी होती तिथं आहे ना ते पाहिलं आणि सायकल व्हरांड्यात होती तशी लावून ठेवली.

ओव्हरसियर कामावर आले, सायकल घेऊन घरी गेले, एक अक्षर बोलले नाहीत. मी सुटलो असं समजलो. आठवड्यानं रस्त्याच्या कडेला बसून भाकरी खाताना त्यांनी मला त्यांची सगळी पद्धत पहिल्यांदा समजावून सांगितली. चाकाचा घेर एवढा, म्हणून मैलाला सातशे तेहतीस. "हे चाक हाय म्हणून दफ्तर हाय," ते म्हणाले. "उद्या घेर बदलला तर अकराच्या अकरा मैल खोटे." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी भाकरी मोडत राहिलो. तेव्हाच सांगून टाकायचं होतं, पण नाही सांगितलं. भीती वाटली, दुसरं काही नाही.

त्याच सुमाराला राज्यांची पुनर्रचना ठरली. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते: मराठी जिल्हे मुंबई राज्याला, कानडी म्हैसूरला, तेलुगू जिल्हे आणि हैदराबाद शहर आंध्राला. ऑफिसात फायली तीन गठ्ठ्यांत बांधल्या जात होत्या, आणि माणसंही. प्रत्येकानं आपली पसंती लिहून द्यायची होती. आम्ही मराठी मंडळी बहुतेक मुंबई राज्य लिहून मोकळे झालो. ओव्हरसियर परभणीकडच्या शेतकरी घरातले, गावी भाऊ, जमीन, सगळं. त्यांनी हैदराबाद लिहिलं. "आता या वयात तेलुगू शिकणार का काय?" असं कुणीतरी हसत विचारलं. ते म्हणाले, "मुरूम कोणती भाषा बोलायलाय?" आणि कागदावर सही करून निघाले. मला म्हणाले, "चल रे घरी. चहा पिऊन जा."

त्यांचं घर बरकतपुऱ्यात, एका शांत गल्लीच्या टोकाला होतं. आम्ही कोपऱ्यावर वळलो, ते सायकल हातात धरून चालत होते, टक् टक् वाजत होतं. दारात काकू उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार करायच्या आधीच म्हणाल्या, "बरोबर नवीन बुटांचा कोण आहे?" त्यांना दिसत नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दोन्ही डोळे गेले होते. मला ते कुणी सांगितलं नसतं तर अर्धा तास तरी कळलं नसतं, कारण त्या भराभर आत गेल्या, नळावर हात धुतले, चूल फुंकली, कपाटातून तीन कप काढले, आणि एकदाही कुठं हात चाचपला नाही.

"दारापासून नळ अकरा पावलं," काकू म्हणाल्या. "नळापासून चूल नऊ. पहिलं वर्षभर हे माझ्याबरोबर मोजत चालायचे. रोज संध्याकाळी, ऑफिसातून आले की. तिथनं यांना सवय लागली. लोक म्हणतात यांना वेड लागलंय. वेड माझं हो, यांना नुसतं चिकटलं."

खिडकीत मुरमाचे अकरा छोटे ढीग ओळीनं मांडलेले होते. काकूंनी एकातला खडा उचलून बोटांत फिरवला. "हा चौथ्या मैलाचा, नदीचा. गुळगुळीत असतो." मग शेवटच्या ढिगातला घेतला. "हा टेकडीचा. याला कोपरे आहेत. मी सगळा रस्ता फिरून आलेय बघ." आणि हसल्या. "यांच्या सायकलचा आवाज कोपऱ्यावर आला की मी चहा ठेवते. कोपऱ्यापासून दारापर्यंत साठ वाजायचे." ओव्हरसियर खोकले आणि काकू गप्प झाल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

निघताना मी मूर्खासारखं विचारलं, "काकू, परभणीला जावंसं नाही वाटत? आपलं गाव."

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "पण तिथं मी दुसऱ्यांदा आंधळी होईन. आता पन्नाशीत पुन्हा नाही व्हायचं मला."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मी घरी जाऊन रात्रभर कूस बदलत राहिलो, कारण ऑफिसात दुसरं एक बोललं जात होतं, ते मला माहीत होतं. ज्याच्यावर चौकशी लागेल त्याची पसंती बघायची नाही, त्याला त्याच्या मूळ जिल्ह्याच्या राज्यात पाठवून द्यायचं. नव्या राज्याला कुणाची डोकेदुखी नको होती. आणि प्रत्येक रस्ता नव्या राज्याच्या ताब्यात जाण्याआधी साखळीनं मोजून, दफ्तरातल्या आकड्याशी ताडून पाहायचा हुकूम निघाला होता. आमच्या रस्त्याचा आकडा ओव्हरसियरांनी त्याच महिन्यात ताजा मोजून दिला होता. म्हणजे माझ्या टायरनं.

मी रोज ठरवायचो की आज सांगू. रोज ते काहीतरी बोलायचे आणि माझा धीर सुटायचा. एकदा सकाळी तोंड उघडलंसुद्धा, तर त्यांनी बोट वर केलं, मोजणी चालू होती. शंभर भरेपर्यंत मी पुन्हा भित्रा झालो होतो.

तपासणीला जे इंजिनियर आले ते किनाऱ्याकडच्या जिल्ह्यातले, तरुण, माझ्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. सरळ माणूस. उर्दू मोडकी, मराठी शून्य, आमच्याशी इंग्रजीत बोलत. ज्याचं दफ्तर तपासायचं त्यानं मोजणीत यायचं नाही असा नियम होता, म्हणून ओव्हरसियर शेवटच्या मैलाच्या दगडाशी जाऊन बसले आणि आकडे लिहायला मला साखळीबरोबर दिलं. दोन दिवस आम्ही चाललो. पुढे साखळीवाले दोघं, मध्ये इंजिनियर, मागे मी. नदीकाठची तूर काढणीला आली होती, म्हशी पाण्यात बसल्या होत्या, हवा छान होती, आणि मी प्रत्येक साखळीगणिक मनातल्या मनात मरत होतो. पायाखाली काय आहे याकडे माझं लक्षच नव्हतं. पुढे हेच नडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवर शेवटच्या दगडाशी पोचलो. ओव्हरसियर दगडाला पाठ लावून बसले होते, हॅट गुडघ्यावर. इंजिनियरांनी बेरीज केली, दफ्तर उघडलं, पुन्हा बेरीज केली. दफ्तरात रस्ता साखळीपेक्षा दीड फर्लांग जास्त होता. दीड फर्लांग म्हणजे हजारेक फूट, थोडाथोडका नव्हे. जो रस्ता जमिनीवरच नाही त्याच्यावर वर्षानुवर्षं मुरूम टाकलेला दाखवला, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

इंजिनियरांनी दफ्तर मिटलं. मग हळूच म्हणाले, "मला हे लिहावं लागेल. आय ॲम सॉरी."

ओव्हरसियरांनी शहराच्या दिशेनं एकदा बघितलं, बस. आणि माझ्या तोंडातून सगळं एकदम बाहेर आलं. इंग्रजीत सुरू केलं, उर्दूत गेलो, शेवट मराठीत झाला. "सर, यांची चूक नाही. टायर मी बदललं. यांना न विचारता सायकल नेली, टायर फाडलं, जाड टायर घातलं, वर चिखल फासला. चौकशी माझ्यावर लावा. काकूंना दिसत नाही हो सर." हे शेवटचं त्यांना कळणं शक्यच नव्हतं. मी रडत होतो, ते मात्र सगळ्यांना कळत होतं.

ओव्हरसियरांनी माझ्याकडे बघितलं. "गणितात किती मार्क होते रे तुला?"

मी बाहीनं नाक पुसलं.

"जाड टायरचा घेर मोठा का लहान?"

"मोठा."

"मग टक् जास्त वाजतील का कमी?"

"कमी."

"कमी वाजले तर रस्ता कमी भरंल का जास्त?"

मी डोळे पुसत उभा राहिलो. रस्ता कमी भरला असता. इथं जास्त भरला होता. दोन महिने मी ज्या भीतीनं अर्धा झालो होतो, ती उलट्या दिशेला तोंड करून बसलेली होती.

ओव्हरसियरांनी आतल्या खिशातून एक मळकी डायरी काढली, एक पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. साहेबांना इंग्रजीत सांग." ताप उतरून ते कामावर आले होते त्या दिवसाचं पान होतं. मी माझाच गुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला: 'पुढलं टायर बदललेलं दिसतं. गल्लीत साठाऐवजी एकोणसाठ वाजले, हिनं सांगितलं. आजपासून मैलाला सातशे एकवीस धरणे. कुणी बदललं ते ठाऊक. सांगेल तेव्हा सांगेल.'

ओव्हरसियर दारात पोचायच्या आधीच काकूंनी हे ओळखलं होतं. मी चहा प्यायला गेलो तेव्हा दोघांनाही माहीत होतं.

इंजिनियर हसू दाबत होते, पण माणूस कामाचा पक्का होता. "मग दीड फर्लांग गेला कुठं?" त्यांनी विचारलं.

ओव्हरसियर उठले आणि साखळीवाल्याला म्हणाले, "पाचवे मैल में पिंपल के पास की मोरी पर से आए तुम लोगां?"

"कौनसी मोरी साब?" साखळीवाला म्हणाला. "मोरी तो नै दिखी. रेती पर से आए. उधरीच से जाते ना सब लोगां, गाड्यां भी."

ओव्हरसियरांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं. पाचव्या मैलाशी नदी मोठं वळण घेते. नदी उतरली की गाडीवाले वळणावरनं जात नाहीत, सरळ वाळूतून आडवे जातात. दोन महिन्यांत वाळूत अशी रुळलेली वाट पडते की तोच रस्ता वाटावा, आणि खरा रस्ता गवतात बुडून जातो. साखळीवाले त्या काठचे, त्यांचे पाय सवयीनं वाळूत गेले. इंजिनियर नवे. आणि मी? मी गोदावरीकाठच्या गावात वाढलेला, कोरड्या पात्रातून आडवं जाणं मला जन्मापासून माहीत. शिवाय मी हा रस्ता ओव्हरसियरांच्या मागून वीस वेळा केला होता, वीसही वेळा वळणावरून. तरी त्या दिवशी डोक्यात टायर घेऊन मी वाळूतून चालत गेलो.

"जो पाणी आल्यावर बी राहतो तो रस्ता," ओव्हरसियर म्हणाले. "बाकीची वहिवाट."

तिथून आम्ही सगळे परत पाचव्या मैलाला आलो. वळणाच्या तोंडाशी कमरेएवढं गवत होतं. ओव्हरसियर सायकलवर बसले आणि सरळ गवतात शिरले. सायकल दिसेना, हॅट तेवढी दिसत होती, आणि आतून टक् टक् येत होतं. मागून साखळी निघाली. एक टोक इंजिनियरांनी स्वतः धरलं, दुसरं मी. गवताखाली मुरूम होता तसा होता, पायाला घट्ट लागत होता. पिंपळाशी मोरी होती, तिच्या कठड्यावर खात्याचा जुना उर्दू शिक्का होता. वळण संपवून आम्ही पुन्हा वाटेला लागलो तेव्हा इंजिनियरांनी वहीवरच आकडेमोड केली. दीड फर्लांग भरून निघाला होता. चार हातांचा फरक उरला.

"चार हात?" इंजिनियर म्हणाले.

"ते साखळीचे," ओव्हरसियर म्हणाले, आणि हॅट काढून घाम पुसला.

मी तिथंच गवतात बसलो. इतकं हलकं मला त्यानंतर फार थोड्या वेळा वाटलं आहे, लग्नात नाही, पहिल्या मुलाच्या वेळी वाटलं होतं. इंजिनियरांनी दफ्तरावर सही केली आणि विचारलं की एकदा ही सायकल चालवून बघू का. ओव्हरसियरांनी विचार केला. मग म्हणाले, "मोजणार असाल तर चालवा." इंजिनियर पाचव्या मैलापासून सहाव्यापर्यंत इंग्रजीत मोठमोठ्यानं मोजत गेले, आणि मध्ये मुकादमानं केलेल्या नमस्काराला त्यांनी उत्तर दिलं नाही.

परतताना मी विचारलं, "काका, माहीत होतं तर दोन महिने बोलला का नाहीत?" मी त्यांना काका तेव्हा पहिल्यांदा म्हटलं.

"रस्त्यात खड्डा पडला तर मी जाऊन भरतो," ते म्हणाले. "माणसाचा त्याचा त्यानं भरावा." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "चिखल बाकी चांगला फासला होतास."

यादी लागली. त्यांचं नाव हैदराबादेत होतं. ते यादी बघायला आलेच नाहीत, रस्त्यावर गेले होते. मीच धावत बरकतपुऱ्यात जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मी त्यांना एरवी कधी भिंतीला हात लावताना पाहिलं नव्हतं. माझं नाव मुंबई राज्यात होतं, बदली मराठवाड्यात. माझ्याच पसंतीनं चाललो होतो, तरी निरोप घ्यायला गेलो तेव्हा उठवेना, चहाचा दुसरा कप मागून घेतला. काका टेकडीचा एक खडा देऊन आत निघून गेले. काकू दाराशी येऊन म्हणाल्या, "कोपऱ्यापासून दारापर्यंत तुझी एकशे बहात्तर पावलं पडतात. कधीही ये. ओळखेन मी."

मी गेलो तो पंचवीस वर्षांनी. नोकरी, मुलं, बदल्या, माणूस सबबी गोळा करत राहतो. मध्ये काका गेल्याचं पत्र आलं तेव्हासुद्धा मी अंथरुणाला खिळलेला होतो. बरकतपुऱ्याचा कोपरा ओळखू येईना इतकी घरं वाढली होती, पण गल्लीच्या टोकाचं घर तेच होतं. ओट्यावर काकू सूप घेऊन तूरडाळ निवडत होत्या, बोटांनी. मी काही न बोलता चालत गेलो. मधेच त्यांचे हात थांबले, मान किंचित कलली. मी दाराशी पोचलो.

"एकशे ऐंशी," काकू म्हणाल्या. "म्हातारा झालास की रे."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. आत भिंतीला काकांची सायकल टेकलेली होती, पुढच्या चाकाला तेच जाड टायर, त्यावर वाळलेला चिखल. खिडकीत मुरमाचे अकरा ढीग. काकू सूप बाजूला ठेवून उठल्या, पदर खोचला आणि चहा ठेवायला आत निघाल्या. मी त्यांच्यामागून मोजत गेलो. अकरा पावलांवर नळ. नळापासून नऊ पावलांवर, चुलीच्याच जागी, आता गॅस होता.

"गॅस बसवायला आलेली मुलं म्हणत होती दुसरीकडे ठेवू," काकू म्हणाल्या, आणि न चाचपता काडेपेटी उचलली. "मी म्हटलं, जागा नाही बदलायची."